बांधावरचं जांभूळ

आमच्या कसबा बावड्याच्या वाचनालयात गेल्या महिन्यात तरुण मुलामुलींची चर्चा ठेवली होती. वेगवेगळ्या प्रांतांतल्या, वेगवेगळ्या चालीरीतींच्या माणसांनी एकमेकांना कसं समजून घ्यावं, असा विषय. वरद म्हणाला, एकमेकांचे सण साजरे करावेत. अवंतिका म्हणाली, एकमेकांची भाषा शिकावी. क्रांती उभी राहिली, "आधी इचारायचं," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

मागून कुणीतरी ओरडलं, "संपलं की भाषण!" मुलं हसली. मला हसू आलं नाही.

क्रांती चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकली. कुणाची पेन्सिल हरवली की आपली मोडून अर्धी देणारी. एकदा शेजारच्या मुलीच्या वहीतली सगळी गणितं तिनं न सांगता सोडवून ठेवली, आणि ती मुलगी का रडते आहे हे क्रांतीला दिवसभर उमजलं नाही. आता ती बावीस वर्षांची आहे. दवाखान्यात केसपेपर काढायचं काम करते. इथल्या पोरींसारखीच "मी आलो, मी गेलो" म्हणते. तिचे वडील, कृष्णात, ऊस करतात. घरामागं पत्र्याच्या तीन खोल्या आहेत, त्या शिरोलीच्या फौंड्रीत कामाला येणाऱ्या बिहारी मुलांना दिलेल्या. माझं घर त्यांच्या भिंतीला लागून.

ऑगस्टात त्या मुलांतला दिलखुश महतो डेंग्यूनं गेला. तेवीस वर्षांचा होता. गाव दरभंग्याच्या पलीकडे. बाप निघाला तरी तीन दिवस लागणार. त्यानं फोनवर सांगितलं, देह ठेवू नका, अग्नी द्या, मी येतोच आहे. खोलीतल्या मिथिलेशनं अग्नी दिला. गल्लीतला एकही माणूस घरी राहिला नाही.

आपल्याकडं तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. क्रांती आणि तिच्या मैत्रिणींनी दोन वर्षांपासून एक चाल पाडली आहे. राख नदीत सोडायची नाही, शेतात खड्डा काढून त्यात घालायची आणि वर झाड लावायचं. दिलखुशचंही तसंच करायचं तिनं ठरवलं. परका म्हणून कमी काही करायचं नाही, असं तिच्या मनात होतं. तिच्या आक्का आत्यानं निवदासाठी मिथिलेशला विचारलं, "काय आवडत हुतं रं त्याला?" तो म्हणाला, भात आणि बटाट्याचा चोखा, म्हणजे भरीत. तेवढं रांधलं. कावळा लगेच शिवला. बाकीचं कुणी विचारलं नाही. मिथिलेश आपणच म्हणाला, "जैसा आप लोगों में होता है." सगळी राख बांधावरच्या खड्ड्यात गेली. वर जांभळाचं रोप लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिलखुशचा बाप, जगेसर महतो, आला. हातात मातीचं नवं मडकं, त्यावर लाल कापड. दोन दिवस गाडीत ते मांडीवर धरून बसला होता. पाणी प्यायला आणि म्हणाला, अस्थी द्या. गंगेत सोडायच्या होत्या. दिलखुशची आई तिकडं वाट बघत होती.

कृष्णातनं लेकीला मागच्या दारी बोलावलं. आक्का आणि मिथिलेश तिथंच होते, मीही.

"घाटावरनं दुसरी राख घेऊन येतो," तो हळू आवाजात म्हणाला. "राखंसारखी राख. त्येला काय कळणार हाय?"

"मला कळंल की."

"काळीज फाटंल त्येचं. पोरी, त्येच्या भल्यासाठीच म्हणतोय."

"भल्यासाठीच करून बसलोय न्हवं हे सगळं?"

आक्का मिथिलेशवर उखडली. "तुला तोंड न्हवतं व्हय रं? सांगायचं न्हाईस?"

"आत्ती, त्यो काय सांगणार?" क्रांती म्हणाली. "आपल्या खोलीत ऱ्हातोय. घरमालकाला कोण न्हाय म्हणतंय? मीच इचारायला पायजे हुतं."

ती आत गेली आणि जगेसरसमोर खाली बसली. तिचं हिंदी मोडकंतोडकं. "काका, हमसे गलती हुई. सब मिट्टी में डाल दिया. पूछा नहीं."

"सब?"

"सब."

तो रागावला नाही. मडक्याच्या तोंडावरचं कापड त्यानं सोडलं, पुन्हा बांधलं. बराच वेळ त्याचे हात तेवढंच करत होते. मग म्हणाला, "दिखाओ."

बांधावर गेल्यावर क्रांती रोप उपटायला वाकली. त्यानं तिचा हात धरला आणि रोपाच्या बाजूनं बोटांनीच माती उकरू लागला. माती ओली, राखेचे गोळे झालेले. तेवढ्यात आक्का आली. हातात पिठाची चाळण. "बोटांनी काय गावतंय?" एवढंच म्हणाली. ती चाळण पुन्हा पिठात जाणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

मिथिलेश माती काढत होता, क्रांती चाळत होती. जगेसर चाळणीतून नखाएवढे तुकडे वेचून मडक्यात ठेवत होता. दिवस मावळेपर्यंत हेच चाललं. मडकं तळापुरतं भरलं. त्यानं कापड बांधलं.

"ये रात को किधर रखना?" क्रांतीनं विचारलं.

तो म्हणाला, जमिनीवर नको, घरातही नको. मग दारातल्या कडुनिंबाच्या फांदीला मडकं टांगलं.

"और ये पेड़? रखना या निकालना?"

जगेसरनं रोपाकडं पाहिलं. "उसकी माँ से पूछकर बताऊँगा."

माफ केलं, असं तो शेवटपर्यंत म्हणाला नाही. क्रांतीनंही ते मागितलं नाही. सकाळी तिनं त्याला स्टेशनवर सोडलं.

तेरावा झाल्यावर फोन आला. आईनं सांगितलं होतं, झाड राहू दे, पण पाणी मिथिलेशनंच घालावं. तिकडं आपलं म्हणावं असं तेवढंच माणूस आहे.

तेव्हापासून दर सुट्टीला मिथिलेश बादली घेऊन बांधावर जातो. क्रांती शेजारच्या उसाला पाणी पाजते, जांभळाला हात लावत नाही. छठपूजेला तो गावी गेला, तेव्हा ऊन कडक होतं, रोपानं मान टाकली. क्रांती पाइप हातात धरून बांधावर उभी होती. दुसऱ्या हातानं तिनं दिलखुशच्या आईला फोन लावला. तिकडून होकार येईपर्यंत पाइपाचं पाणी उसाच्या सरीत वाहत राहिलं.