खाडीपलीकडे नेलेली फादरांची पुस्तकं

फादर गेले तेव्हा मी बोरीवलीला त्यांच्याच शाळेत ग्रंथपाल होते. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. ग्रंथालयाचा कोर्स करायला त्यांनीच मला भाग पाडलं होतं. ते स्वतः आयुष्यभर खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात जात राहिले. घर ख्रिस्ती असो की हिंदू, ओट्यावर बसून काळा चहा पीत बायकांकडून लग्नाची गाणी, माशांची नि वाऱ्यांची नावं उतरवून घेत. शाळेमागच्या दोन खोल्या त्या कागदांनी आणि पुस्तकांनी भरल्या होत्या. त्याचं ग्रंथालय करायचं, असं मी त्यांना माती देऊन परततानाच ठरवलं. कोणाला विचारलं नाही.

घरी बाबा भडकले. "पाद्र्याच्या कागदांत बसलीस तर लोक म्हणतील, पोरगी बाटली."

"इतकी वर्षं त्यांनी मला मराठी शिकवलं, तेव्हा नाही बाटले. आता मेलेला माणूस मला बाटवणार?"

बाबांचा विरोध कायम राहिला. मी शाळा सुटल्यावर रोज त्या खोल्यांत बसायची. चपलांच्या दुकानातून रिकामे खोके मागून आणायची, पानांतली कसर झटकायची, कागद लावायची. बाजारात मासळी विकणारी खाडीपलीकडची एक कोळीण मावशी टोपली रिकामी झाली की येऊन बसे. तिच्या आईने सांगितलेली गाणी त्यात होती. मी वाचायची, ती सोबत गुणगुणायची.

मग नवे मुख्याध्यापक आले. तेही फादरच. त्यांना त्या खोल्यांत टायपिंगचा वर्ग काढायचा होता. मला म्हणाले, "धार्मिक कागद वेगळे करा, ते आपण सेमिनरीला पाठवू. बाकीचं रद्दीत द्या."

"वेगळे होत नाहीत, फादर."

"का नाही?"

मी जुन्या फादरांच्या हातचं एक प्रवचन त्यांच्यापुढे धरलं आणि उलटं केलं. पाठीमागे हळदीचं गाणं होतं. "यातलं काय रद्दीत देऊ?"

त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "सोमवारपर्यंत खोल्या रिकाम्या हव्यात."

सोमवारी सकाळी रद्दीवाला हातगाडी घेऊन दारात उभा. मी उंबऱ्यावर बसले आणि म्हटलं, उठणार नाही. मुख्याध्यापकांनी नोकरीची आठवण करून दिली. मी बसूनच म्हटलं, "नोकरी तुमची आहे, घ्या. हे कागद तुमचे नाहीत."

तेवढ्यात मावशी आली, मागून वाड्यावरच्या आणखी बायका. आदल्या दिवशी मीच तिला सांगून ठेवलं होतं. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "माझ्या आयची गानी हायत ती. रद्दीत कोन टाकतंय, बघू दे मला!"

रद्दीवाल्याने गाडी वळवली. मुख्याध्यापक चिडून म्हणाले, "मग घेऊन जा सगळं!" त्यांना वाटलं, आम्ही कुठे नेणार? बायकांनी टोपल्या पुढे केल्या. दुपारच्या भरतीला फादरांची सगळी पुस्तकं होडीत बसून खाडीपलीकडे गेली. संध्याकाळी माझी नोकरीही गेली.

कोळीवाड्याने जाळी ठेवायची एक खोली दिली. तिथे सुक्या बोंबलांचा वास कधी गेला नाही. फळ्या ठोकल्या, खोके मांडले, दारावर फादरांचं नाव रंगवलं. पुढे मला मुलुंडला एका शाळेत काम मिळालं. रविवार मात्र त्या खोलीचा. बाबा एकदा कपाट पोचवायला म्हणून आले आणि दिवसभर वाचत बसले.

काही वर्षांनी तेच मुख्याध्यापक होडीतून उतरले. शाळेत फादरांच्या स्मरणाचा कार्यक्रम होता, त्यांना प्रवचनं हवी होती. "आठवडाभर नेतो, परत आणून देतो," ते म्हणाले.

"इथून बाहेर काही जात नाही, फादर. बसून उतरवून घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दारात बसलेल्या मावशीकडे पाहिलं. मग बूट काढून चटईवर बसले. मी पहिला खोका त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, "पाठीमागचंही वाचायचं."