भाचेसून जेवायला घालत न्हाई

माझ्या आत्तेसासूबाईंइतकी खोटं बोलणारी बाई जोयड्याच्या रानात त्या काळी दुसरी नव्हती, आणि त्यांच्या खोट्यात जेवढी पुण्याई होती तेवढी कुणाच्या खऱ्यातही नव्हती. सासऱ्यांची ही बालविधवा बहीण आमच्याच घरी राहायची. म्हणजे त्यांची पेटी राहायची. बाई स्वतः कायम कुणाकडे तरी पाहुण्या. पण पाहुणचाराला त्यांनी सुखाचं घर कधी निवडलं नाही. कुठे नवरा बायकोला मारतो, कुठे पोरं उपाशी निजतात, असं कानावर आलं की काखोटीला पासोडी मारून निघाल्याच. आमच्या मुलखात पाहुण्यादेखत बायकोवर हात उगारला म्हणजे घराची अब्रू गेली. बाईंनी एवढं एकच शास्त्र शिकून घेतलं होतं.

घरात शिरायला त्यांचं एक ठरलेलं रडगाणं होतं. उंबऱ्यावर बसून पदर डोळ्यांना लावायच्या आणि म्हणायच्या, "भाचेसून जेवायला घालत न्हाई गं! दोन दिस ऱ्हाऊ दे." ती भाचेसून म्हणजे मी! वर पासोडीत बांधलेला तांदूळ माझ्याच कणगीतला. तो त्या घरच्या पोरांच्या पोटात जायचा, आणि उळवीच्या जत्रेत बायका मला बघून नाकं मुरडायच्या. एकीनं तर गाठून बजावलं, "म्हातारीचा तळतळाट घेऊ नगं, बाई." घरी येऊन मी आदळआपट केली, तर आत्याबाई शांतपणे विचारतात, "त्या घरची पोरं जेवली की न्हाई?" कपाळ माझं!

काळी नदीच्या काठी सागाचे ओंडके ओढणारा एक गडी होता. दारू प्याला की बायकोला आणि दोन्ही पोरींना गुरासारखं मारायचा. एकदा त्यानं धाकटीला असं भिरकावलं की तिचा हातच मोडला. पुढच्या खेपेला पोरगी जिवानिशी जाईल, असं जो तो म्हणे; सोडवायला मात्र कुणी जाईना. आत्याबाई गेल्या. मुक्काम लांबला तसा गडी चिडला.

"म्हातारे, कवा जातीस?"

"गुडघा धरलाय, बाबा. बरा झाला की लगेच."

बिचारा रानातून पाला आणून स्वतःच गुडघा शेकू लागला. शेक रोज संध्याकाळी, म्हणजे नेमका गुत्त्याच्या वेळेला! तरी एकदा तो झिंगून आलाच आणि बायकोवर धावला. आत्याबाई मधे फतकल मारून ओरडल्या, "आधी माझा गुडघा!" शिव्या देत देत तो पाला तापवायला बसला. पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. बापासमोर त्या प्रथमच हसल्या असतील.

शिमगा झाल्यावर मी गाडी जुंपून आत्याबाईंना आणायला गेले. त्यांनी पासोडी बांधली, तोच गडी दारात आडवा उभा राहिला. मला वाटलं, आता होतंय भांडण. पण तो खाली मान घालून म्हणाला, "आज्जे, जाऊ नगं. तू हायस म्हणून हात आवरतोय. माझा मला भरवसा न्हाई."

मी गाडी रिकामीच वळवली.

पुढे त्या आमच्याकडे यायच्या त्या सणावारापुरत्या. आल्या की घरभर हसू असायचं, आणि जायची वेळ आली की माझा जीव कासावीस व्हायचा. एका दिवाळीला मी त्यांचा हात धरून म्हटलं, "आत्याबाई, आता जाऊ नका ना."

त्या हसल्या. म्हणाल्या, "येडी हायस का? तुझं बरं चाललंय की गं! इथं माझं काय काम?"