भाऊच्या गिटारचा पॉट

नागभीडला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, अॅम्प्लिफायर, जे येईल ते करतो. थोरला भाऊ झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळीत गिटार वाजवतो. वीसेक हंगाम तो स्टेजच्या कडेला, मोठमोठ्या भोंग्यांच्या पुढ्यात बसला आहे.

दोन वर्षांपूर्वी तो म्हणू लागला, गिटार दबून वाजते. मी हसलो. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याच्या तोंडावर म्हणालो. त्यानं मनावर घेतलं नाही. गिटार टेबलावर ठेवली आणि चहा सांगून आला.

गिटारवरच्या आवाजाच्या बटणाखाली पॉट असतो. तो नुसता आवाज कमी-जास्त करत नाही, त्यातून स्वराचा टोकदारपणाही थोडा गळतो. त्याचा किलो-ओहमचा आकडा लहान तर गळती जास्त, स्वर मऊ. आकडा मोठा तर स्वर धारदार. भाऊच्या गिटारमध्ये अडीचशेचा होता आणि तिच्या पिकअपला, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाला, तोच शोभत होता. तरी मी पाचशेचा टाकला. भाऊ महिनाभर खूश होता. मग पुन्हा तेच, दबून वाजते.

त्याच सुमारास मंडळीचे मालक दुकानात आले. इकडचं तिकडचं बोलले आणि जाता जाता म्हणाले, भाऊची गिटार हल्ली कानात सुईसारखी घुसते, गाणाऱ्या बायांनी तक्रार केली आहे, आवाज मऊ करून द्या. नाहीतर दिवाळीपासून दुसरा माणूस बघावा लागेल. मालक वाईट नाहीत, त्यामुळे राग कोणावर काढायचा तेही कळेना. बिघाड गिटारमध्ये नव्हताच. भाऊला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. मला माझ्या त्या म्हणीची लाज वाटली.

वहिनीनं एकदा चंद्रपूरला कान दाखवू म्हटलं, तर तो चार दिवस तिच्याशी बोलला नव्हता. मी मूग गिळून बसलो.

दिवाळीच्या तोंडावर भाऊ दुपारचा आला. एक मेगचा टाक म्हणाला, पाचशेच्या दुप्पट. माझ्यापुढे दोन्ही पॉट होते. एक मेगचा टाकला तर त्याला घटकाभर बरं वाटणार आणि मंडळीतली जागा जाणार. अडीचशेचा टाकला तर जागा राहणार, पण सख्ख्या भावाला मी फसवणार. काय करावं सुचेना. शेवटी गिटारवर मान घालून, पॉटच्या जुन्या वायरी सोडवता सोडवता, मी हळूच बोललो.

"भाऊ, गिटार चांगली आहे. तुलेच कमी आयकू येऊन राह्यलं."

वर पाहिलं, तर तो माझ्या हाताकडे बघत होता.

"काई म्हनलं का?" त्यानं विचारलं.

"नाई," मी म्हणालो. एवढं एकदा बोलायला कित्येक महिने लागले होते. पुन्हा बोलायची हिंमत नव्हती.

मी अडीचशेचा बसवला आणि एक मेगचा त्याच्या नकळत खिशात टाकला. भाऊनं गिटार मांडीवर घेतली, अॅम्प्लिफायरला जोडली आणि सगळ्यात बारीक तार दोन-तीनदा छेडली. स्वर मऊ, गोल आला. तो डोळे मिटून ऐकत होता. मी जीव मुठीत धरून उभा होतो.

"आता कशी मोकळी वाजून राह्यली," तो म्हणाला. "तुले जमते रे."