काळ्या झेंड्यावरची सातवी पट्टी

माझे वडील कधी स्वस्थ बसलेले मला आठवत नाहीत. जेवताना त्यांचा डावा पाय टेबलाखाली हलत असायचा. दुपारी समुद्रावरून 'डॉक्टर' सुटला, की त्या गार वाऱ्यासाठी खोळंबलेलं सगळं फ्रीमँटल व्हरांड्यात येऊन पाय पसरायचं आणि डॅड मात्र उठून खिडक्यांच्या कड्या तपासायला लागायचे.

"घर बुडत नाहीये, अर्नी," आई म्हणायची.

अर्नेस्ट पेंगेली, फालमथच्या कोळ्याचा मुलगा. एक्केचाळीस साली ते ब्रिटिश पाणबुडीवर अधिकारी म्हणून गेले. दोन वर्षं भूमध्य समुद्रात काढली, त्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. मग बोट इकडे ऑस्ट्रेलियात आली, आणि इथून केलेल्या तीन मोहिमांबद्दल चांदीचा क्रॉस मिळाला. युद्ध संपल्यावर आईसाठी ते इथेच राहिले आणि बंदराच्या कचेरीत नकाशे दुरुस्त करायला लागले. दर एप्रिलात सैनिकांच्या स्मरणार्थ होणाऱ्या अँझॅक दिनाच्या संचलनात बाकीची पदकं त्यांच्या छातीवर असत. क्रॉस मोज्यांच्या खणात.

पाणबुडी बंदरात परतताना कवटीचा काळा झेंडा चढवायची. बुडवलेल्या प्रत्येक जहाजामागे त्यावर एक पांढरी पट्टी. या पट्ट्या बोटीवरच्या क्लिफ ड्यूलनने शिवल्या होत्या. आता तो माजी सैनिकांच्या हॉलमधला बार सांभाळायचा, आणि झेंडा त्याच्या डोक्यावर भिंतीला होता.

चौसष्टच्या एप्रिलमध्ये शेजारच्या घरातली आंटी कोरल एक पत्र घेऊन आली. तिचा नवरा लेस सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडला होता. कैद्यांना नेणारं जहाज वाटेत बुडालं, एवढंच तिला कळलं होतं. एकोणीस वर्षं ती कचेऱ्यांना पत्रं लिहीत होती. अखेर उत्तर आलं होतं: तारीख, अक्षांश, रेखांश.

"तुला हे आकडे कळतात, अर्नी. नकाशावर एक टिंब करून दे. कुठं बघायचं ते तरी कळेल मला."

डॅडनी पत्र दोनदा वाचलं. त्यांचा पाय हलायचा थांबला होता.

"उद्या देतो," ते म्हणाले.

संध्याकाळी ते मला घेऊन हॉलवर गेले. मला कोपऱ्यात लेमोनेड दिलं, पण हॉल रिकामा होता, सगळं ऐकू येत होतं.

"सातवी पट्टी, क्लिफ. कैदी होते. कोरलचा लेस त्यात होता, आणि तिला नकाशावर टिंब हवंय."

क्लिफ ग्लास पुसत राहिला. "टिंब दोन इंच सरकवा, सर. तिथंही पाणीच आहे."

"जहाजं ओळखायचं पुस्तक माझ्या हातात होतं."

"पुस्तकात जहाजांच्या आकृत्या असतात. आत कोण बसलंय ते नसतं."

"आत नाही. डेकवर उभे होते, खाकीत, खचाखच. कप्तानानं मला दुर्बिणीतून बघायला लावलं. हे काय, म्हणाला. मी म्हणालो, सैन्य."

"आणि मी पट्टी शिवली. टाके झकास आले म्हणून दोन बिअर जास्त प्यायलो. आता उसवून देऊ?"

डॅड मला घेऊन बाहेर पडले. परतताना आमच्या घरावरून दोनदा पुढे गेले.

पुढचे चार दिवस आंटी कोरल कुंपणावरून विचारत होती. "टिंबच काढायचंय ना, की अख्खं सुमात्रा काढतोयस? नोला, तुझा नवरा सरकारी पगार खातो तो असाच का गं?" आई हसायची. रात्रभर डॅडच्या येरझारा ऐकलेल्या असूनही हसायची.

संचलनाच्या आदल्या सकाळी डॅड नकाशा घेऊन निघाले. आईने मला मागून धाडलं. एकटे गेले तर दारातून परततील, असं तिला वाटलं असावं.

आंटी कोरलच्या स्वयंपाकघरात त्यांनी नकाशा पसरला, पेन्सिलीने टिंब केलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. आवाज कोरडा होता, कप्तानाला खबर दिल्यासारखा.

तिने टिंबावर बोट ठेवलं.

"किती वेळ लागला बुडायला?"

"अकरा मिनिटं."

"पाण्यात माणसं दिसली?"

"दिसली. आम्ही खाली गेलो आणि निघून गेलो."

"आणि तो क्रॉस याचाच?"

"त्यात हेही होतं. कैद्यांचं मला आत्ता कळलं, कोरल. पण पाण्यातली माणसं तेव्हाच दिसली होती."

"म्हणून लावत नाहीस तर." तिने नकाशाची घडी घातली. "उद्या लाव. तुझ्याकडे खण आहे, तू त्यात टाकून मोकळा होतोस. मला असा खण कधी मिळाला नाही. माझ्यासमोरून जाताना तो मला दिसला पाहिजे. आता जा, अर्नी. चहा विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी ती रस्त्याच्या कडेला उभी होती. लेसची पदकं तिच्या उजव्या बाजूला, विधवा लावतात तशी. मी आणि आई समोरच्या फुटपाथवर. तिसऱ्या रांगेत डॅड होते, क्रॉस सगळ्या पदकांच्या आधी, पहिला. ते क्लिफपेक्षा अर्धं पाऊल पुढे चालत होते, आणि तिच्यासमोर येताच थांबले.

मागची रांग येतच होती. कुणीतरी त्यांच्या पाठीवर आदळलं.

"सर, चला," क्लिफ म्हणाला. "इथं उभं राहता येत नाही."

डॅड चालायला लागले. आंटी कोरल जागची हलली नाही. रांग वळणाआड जाईपर्यंत ती बघत होती, आणि आई माझा हात इतका घट्ट धरून होती की मला तो सोडवता येईना.