नव्वद पावलं

परवा श्रीगोंद्यात शालेय स्पर्धा होत्या आणि मी लांब उडीच्या पाटीशेजारी खुर्ची टाकून पंच म्हणून बसले होते. हातात दोन झेंडे... पांढरा म्हणजे उडी धरली, लाल म्हणजे फाऊल.

खरं सांगू? जायचंच नव्हतं. आठवडाभर नागापूरच्या कंपनीत उभ्यानं पॅकिंग करायचं आणि सुट्टीलाही उन्हात बसायचं... गुडघा सकाळपासून कुरकुरत होता. पण कुणी 'चॅम्पियन मॅडम' म्हटलं की मला नाही म्हणवत नाही. तीन वर्षं राज्यात पहिली होते मी. आता सत्काराला बोलावणारेही माझ्यासारखेच दमलेत.

एक सडपातळ मुलगी दोनदा धावत आली. दोन्हीदा पाय पाटीच्या पुढे, दोन्हीदा लाल. उडी मात्र अशी, की मोजणारे सर उगाच टेप घेऊन उठले... आता एकच उडी उरली होती.

माझंही असंच संपलं. शेवटच्या सिलेक्शनला तीन फाऊल. आम्ही पाटीपासून मागे टाचेला चवडा लावत पावलं मोजतो आणि तिथून धावतो. त्या दिवशी नवे स्पाइक्स नंबरभर लहान होते, मी त्यांनीच मोजलं, धाव आखूड पडली आणि दर वेळी पाय पाटीपुढे गेला. हे कळलं घरी आल्यावर. तिथे इतकी जाणती माणसं होती, कुणी चकार शब्द काढला नाही.

ही पोरगी अनवाणी मोजत होती. पंचानं बोलायचं नसतं, मला माहीत आहे... तरी विचारलं, "बाळा, घरी पावलं कशानं मोजतेस?"

"दादाच्या बुटानं," ती म्हणाली आणि जीभच चावली. "पन त्यो पार फाटलाय मॅडम... समद्यांम्होरं काढायची लाज वाटली."

मग पळत गेली, पिशवीतून ते भलेमोठे बूट काढले, घातले आणि मोजली नव्वद पावलं. पोरं हसली. तिनं बूट तिथेच काढून ठेवले आणि धावली.

पाय पाटीवर, रेषेच्या बोटभर अलीकडे. पांढरा झेंडा वर करताना माझे डोळे भरून आले.

तिचा नंबर तिसरा आला. एक सर माझ्यावर चांगलेच तापले, आणि त्यांचं बरोबरच होतं. पुढच्या वर्षी मला बोलावणार नाहीत बहुतेक... बरंय, गुडघ्याला आराम.

पण इतकी वर्षं ज्या एका प्रश्नाची मी वाट पाहत होते, तो परवा निदान मला विचारता तरी आला.