कांताबाईंनी धुतलेलं शेवाळ

आमच्या इंदोऱ्याच्या गल्लीत बातमी होती की प्रेमानंद मेश्रामांची चारुशीला रत्नागिरीला गुपचूप लग्न करून आली. पुरावा काय, तर तिच्या बर्फाच्या डब्याला मासळीचा वास, आणि डब्याला ती कोणाचा हात लागू देईना. बातमी चांगली होती, पण टिकली नाही.

डब्यात शेवाळ होतं. समुद्रातलं, हिरवंगार, पातळ पानांचं. पोरगी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते. त्या पानांवर म्हणे असे काही जंतू राहतात, की दुसऱ्या जंतूंना जवळ फिरकू देत नाहीत, मारूनच टाकतात. तसा एखादा सापडला तर पुढेमागे त्यापासून औषध निघू शकतं. याआधीचं शेवाळ वाटेतच सडलं होतं. आता काही हाती लागलं नाही तर विषय बदला, असं सरांनी बजावलेलं. रविवारी प्रयोगशाळा बंद, म्हणून डबा घरच्या फ्रिजमध्ये.

आणि घर कांताबाईंचं, म्हणजे तिच्या आईचं. तिथे मेथीची जुडीसुद्धा मिठाच्या पाण्यातून निघाल्याशिवाय विळीपर्यंत पोचत नाही. चारुशीला आंघोळीला गेली होती. मी पेपर मागायला गेलो, तर बाई शेवाळ खळखळून धुऊन राहिल्या होत्या. बाजूला बेसनाचा डबा उघडा.

"ही कोणती भाजी, वहिनी?"

"कोकणातली असंल. पोरीनं आणली अन् सांगितलंबी नाही. बेसन लावून पाहू."

तेवढ्यात चारुशीला आली, डोक्याला टॉवेल. "आई, हे काय करून राहिली वं?"

"धुऊन राहिली. किती बुळबुळ होती त्याच्यावर."

"तेच तर आणलं होतं मी."

कांताबाई तिच्यावरच उखडल्या. "घाणच आणाची होती तर रत्नागिरीले काहून गेली? नाग नदी काय दूर आहे?"

चारुशीलानं बोट पाण्यात बुडवून चाखलं. पाणी चांगलं खारट होतं. साध्या पाण्यात सगळे जंतू मेले असते, म्हणाली. प्रयोगशाळेतही पानं आधी निर्जंतुक खाऱ्या पाण्यातून काढतात, वरवरचे जंतू जावेत म्हणून. तिनं उरलीसुरली आशा डब्यात भरली आणि झाकण लावलं.

आठवड्यात निकाल कळला. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत आमच्या कांताबाईंच्या स्वयंपाकघरातले जंतू दुधावरच्या सायीसारखे पसरले होते. पण एका पिवळट ठिपक्याभोवती स्वच्छ मोकळं कडं होतं, तिथे कोणाचीच हिंमत झाली नव्हती. सर म्हणाले, नमुना बाटलाय, नवीन आणून पुन्हा करा. विषय बदलायचं नाव मात्र काढलं नाही.

मी त्यांच्या ओट्यावर बसून विचारलं, "एवढं धुतल्यावर वाचलं कोण वं?"

चारुशीला म्हणाली, "काका, जे आले-गेले होते ते वाहून गेले. जे पानाले चिकटून बसले ते राहिले. तुम्ही नाही का, आई झाडू घेऊन आली तरी ओट्यावरून उठत नाही."