मी बुजवलेली खाच

गिरडच्या टेकडीखाली आमचा सर्वेचा मुक्काम होता. सकाळच्या एसटीचा कंडक्टर गाडी थांबवून खाली उतरला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. एरवी निरोप असला की तो खिडकीतूनच ओरडायचा. "ट्रेसरभाऊ, वर्ध्याले चला. तुमच्या ताईची तब्येत बहुत बिघडली म्हन्ते..." एवढंच बोलला आणि वाटभर माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेला ताईच्या अंगणात चपलांचा ढीग दिसला आणि मी समजलो. त्याला आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, "फार हुशार होत्या हो बाई." होतीच. पण मला लिहायचंय ते वेगळंच आहे, आणि त्यात मी काही फार चांगला दिसत नाही.

कुसुमताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचे बाबा समुद्रपूरच्या बाजूला दुसऱ्याच्या शेतात राबायचे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्या आल्या आईला म्हणाले, "आता पोरीची शाळा बंद नाई होनार." झाली नाही. ताई मॅट्रिक झाली, नागपूरला राहून भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि वर्ध्याच्या कॉलेजात शिकवायला लागली. मला पाटबंधारे खात्याच्या कचेरीत ट्रेसरची, म्हणजे नकाशे शाईनं उतरवून काढायची नोकरी लागली तेव्हा मीही तिच्याच दोन खोल्यांत राहायला आलो. ती स्वयंपाकात कच्ची होती, मी पक्का. त्यामुळे भाकरी माझ्याकडे आणि बोलणं तिच्याकडे अशी आमची वाटणी होती.

आणीबाणी उठली त्या सुमारास तिनं पीएच.डी.चं मनावर घेतलं. मे महिन्याच्या सुट्टीत दक्षिणेतल्या एका वेधशाळेत जायची आणि येताना आलेखपत्राच्या गुंडाळ्या घेऊन यायची. लांबच्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट समूह, त्यांचा प्रकाश काचेच्या तबकडीवर फाकवून घेतलेला. त्या तबकडीवरून यंत्राच्या लेखणीनं कागदावर काढलेली वेडीवाकडी रेघ. जिथे तापलेला वायू स्वतःच्या ठरलेल्या रंगात चमकतो, तिथे रेघ उंच उडी मारते. हायड्रोजनची उडी तांबड्या रंगात, तिला खेटून नायट्रोजनची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "ताई, हे तर डॉक्टरनं काढलेल्या हृदयाच्या पट्टीसारखं आहे." ती म्हणाली, "मंग बिमार कोन हाये ते सांग!" आणि स्वतःच हसत सुटली.

तिचं काम होतं ते एकमेकींत मिसळणाऱ्या दीर्घिका ओळखण्याचं. फोटोत नुसता एक धुरकट ठिपका दिसतो, एक की दोन ते समजत नाही. पण आत दोघी असतील आणि त्यांचे वेग वेगळे असतील, तर वेगाप्रमाणे रंग किंचित सरकतो आणि प्रत्येक उडी दुभंगते; एका शिखराच्या जागी दोन दिसतात. दोन्ही शिखरांशेजारची नायट्रोजनची उंचीही निराळ्या प्रमाणात निघाली, तर वायू दोन घरचा आहे हे पक्कं होतं. मला हे समजेना. मग चुलीपुढे बसल्या बसल्या ती म्हणाली, "अरे, दोन घरं एकत्र आली. बाहेरून पाहनाऱ्याले एकच घर दिसते. पन धूर पाह्यला, तं चुली अजून दोन हायेत." त्या दिवसापासून मला दीर्घिका आपल्याच गावातल्या वाटायला लागल्या. तिला अशी एक सापडली होती. सगळा प्रबंध त्या एका ठिपक्यावर उभा होता.

गुंडाळ्या महिन्यासाठीच मिळालेल्या. त्यातल्या आकृत्या शाईनं ट्रेसिंग पेपरवर उतरवायच्या आणि रजिस्टर पोस्टानं गुंडाळ्या परत पाठवायच्या. हे काम माझ्याकडे आलं, आणि मी हुरळून गेलो. माझ्या हाताचं कचेरीत कौतुक होतं. नाल्याची रेघ असो की टेकडीची, माझी रेघ कुठे थरथरायची नाही. थरथरली तर आमचे साहेब तो कागद तिथेच टराटरा फाडायचे. त्या सवयीनंच मी ताईच्या आकृत्या काढल्या. यंत्राच्या लेखणीचे बारीक काटे काढून टाकले. आणि त्या एका दीर्घिकेच्या हायड्रोजनच्या उडीला डोक्यावर एक लहानशी खाच होती... मला वाटलं, लेखणी अडखळली असेल. फ्रेंच कर्व्ह, म्हणजे वळणं आखायची पट्टी, लावली आणि खाच बुजवून एकच सुबक शिखर काढलं. आकृत्या पाहून ताईनं माझ्या पाठीवर थाप मारली. गुंडाळ्या परत गेल्या.

महिन्याभरानं शेवटचं लिहिताना ती माझी आकृती आणि स्वतःची टिपणवही समोर ठेवून बसली होती. वहीत लिहिलं होतं, शिखरं दोन. तिनं विचारलं, "वसंता, ही रेघ तू जशी होती तशीच काढली ना?"

खरं सांगायला किती वेळ लागला असता? पण जिल्ह्यात आपल्यासारखा हात नाही हा तोरा होता ना! मी म्हटलं, "होती तशीच काढली."

"मंग मलेच दोन पाह्यजे होते म्हनून दोन दिसले असतीन," ती म्हणाली. वाद नाही, शंका नाही. मुदत जवळ आली होती, पत्र पाठवून खात्री करायला वेळ नव्हता. मी म्हटलं, राहू दे की तसंच, कोण बघतंय? तेव्हा मात्र चिडली. "आपलं एक चुकलं तं लोकं दहा मोजतात. जे पक्कं नाई ते ठेवाचं नाई." आणि लाल पेन्सिलीनं तिनं ते आख्खं प्रकरण खोडायला घेतलं. चार वर्षांचं काम. मी समोर भाकऱ्या थापत होतो आणि मूग गिळून बसलो होतो. आठ दिवस. माझ्या हातावर तिनं विश्वास ठेवला आणि स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला नाही, याची मला आजही लाज वाटते.

ज्या सकाळी ती प्रबंधाच्या पार्सलला सुतळी बांधत होती, त्या सकाळी माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "ताई, तिथं खाच होती. म्याच बुजवली."

तिचे हात थांबले. मग अगदी हळू विचारलं, "काऊन?"

"वाईट दिसून राह्यली होती."

मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसली असती तर बरं वाटलं असतं. तिनं सुतळी सोडली, गुंडाळून खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "दोघी आता कुठं एका घरात आल्या होत्या रे... तू एकीची चूल विझवली." डोळ्यांत पाणी होतं आणि हसतही होती. मग तार करून गुंडाळी परत मागवली. ती येईपर्यंत मुदत टळली आणि सहा महिने वाया गेले. या वेळी मी एकेक काटा, एकेक थरथर तशीच उतरवली. ती शेजारी बसून नुसती पाहत होती. पुढे परीक्षकांनी त्याच प्रकरणावर तिला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले आणि तिनं सगळ्यांची उत्तरं दिली. माझ्या खोटेपणाचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही. तिची क्षमा मागायची राहिली ती राहिलीच.

परवा कॉलेजात तिच्या वस्तू आणायला गेलो. तिची एक जुनी विद्यार्थिनी आता तिथेच शिकवते. तिनं मला प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीपाशी नेलं. माझ्या दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी लावलेल्या. सुबक आणि खाचेची. ती म्हणाली, "काका, दर वर्षी पहिल्या तासाला मॅडम विचारायच्या, यातली देखणी कोणती? सगळे ही सुबक दाखवायचे. मग विचारायच्या, खरी कोणती? आणि सांगायच्या, ही देखणी माझी चूक हाये बरं, मी केलेली. आम्हाला नवल वाटायचं, एवढ्या कडक बाई, पण आपली चूक भिंतीवर टांगून ठेवतात."

मी जवळ गेलो. आम्हा ट्रेसर लोकांची रीत अशी की कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात आपली आद्याक्षरं घालायची. खाचेच्या आकृतीवर माझी आद्याक्षरं होती. देखण्या आकृतीचा तेवढा कोपरा कात्रीनं कापलेला होता. वाकडातिकडा, ताईचा हात सरळ कधी चाललाच नाही.

मला पुढचं काही दिसेना. ती पोरगी बिचारी भांबावली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "काका, आता काच लावून घेणार आहोत. हा कोपरा सरळ कापून घेऊ का?"

"नाई," मी म्हटलं. "हाये तसाच राहू दे."